फ्रेंच भाषेत रॉक कसा बसतो?

११ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पॅरिस ऑलिंपिकचा समारोप पाहणाऱ्यांना फ्रेंच पॉपसंगीताची दोन टोकं एकाच कार्यक्रमात ऐकायला मिळाली. सुरुवातीला तुइलरीच्या बागेत झाओ द सागाझाँ या चोवीस वर्षांच्या गायिकेनं पॅरिसवरचं एक जुनं फ्रेंच गाणं गायलं. पुढे स्टाद द फ्रान्सच्या मैदानात फिनिक्स हा बँड आला. हे सगळे व्हर्सायचे संगीतकार. त्यांच्या २००९ च्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळालेला आहे. आपल्याच देशाच्या राजधानीत, साऱ्या जगासमोर त्यांनी आपली गाजलेली गाणी गायली, आणि ती सगळी इंग्रजीत होती.

फिनिक्स हा उत्तम बँड आहे, त्यांच्या निवडीला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्या रात्रीनं एक प्रश्न नेमका समोर ठेवला. मोलिएर आणि व्हिक्टर ह्यूगोच्या देशातल्या मुलांना गिटार हातात घेतल्यावर इंग्रजीत का गावंसं वाटत होतं? आणि गेल्या पंधराएक वर्षांत फ्रेंचमध्ये गाणारे इतके नवे बँड कुठून आले? याचं उत्तर बाजारात शोधता येतं, तसंच ते भाषेच्या चालीतही शोधता येतं. मला दुसरी वाट जास्त फलदायी वाटते. ती धरली की पॅरिसपासून मॉन्ट्रियलपर्यंत पसरलेल्या या बँडच्या गर्दीत नवा श्रोता हरवत नाही. कोण काय करतंय आणि का, हे त्याला ऐकता ऐकताच कळू लागतं.

भाषेची चाल, ड्रमचा ठोका

रॉकच्या चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा खणखणीत ठोका पडतो. इंग्रजी शब्दांना मुळातच आघात असतो. एक अक्षर जोरात, बाकीची हलकी, असा त्यांचा घाट. जोराचं अक्षर ठोक्यावर ठेवलं की शब्द आणि ताल एकमेकांत घट्ट बसतात. अमेरिकेत जन्मलेला रॉक याच घाटावर वाढला.

फ्रेंचचं तसं नाही. तिथे अक्षरं साधारण सारख्या वजनानं एकामागून एक येतात आणि जोर पडतो तो शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर. त्यामुळे वाक्य ड्रमच्या ठोक्याला भिडत नाही, त्याच्यावरून सरकत जातं. शिवाय शब्दाच्या शेवटी लिहिला जाणारा पण बोलताना गळणारा एक ‘ए’ आहे. जुन्या छंदात आणि गाण्यात तो परत उच्चारला जातो. मराठी माणसाला हे समजायला कष्ट पडू नयेत. बोलताना आपण ‘फळ’ म्हणतो तेव्हा शेवटचा ‘अ’ गिळतो, पण अभंगात किंवा ओवीत तोच ‘अ’ पूर्ण वाजतो आणि त्याची मात्रा धरली जाते. फ्रेंच गायकापुढे दर ओळीला हा निर्णय असतो. तो ‘ए’ गायला तर गाणं जुन्या वळणाचं, साहित्यिक वाटतं. गिळला तर रस्त्यावरच्या बोलीसारखं वाटतं.

त्यात भर परंपरेची. फ्रान्समध्ये लोकप्रिय गाण्याचं मुख्य रूप म्हणजे शाँसाँ. त्यात शब्द राजा. ध्वनिमुद्रणातही गायकाचा आवाज पुढे, वाद्यं मागे. रॉकमध्ये गाणारा आवाज हे अनेक वाद्यांपैकी एक वाद्य असतं, कधी गिटारींच्या भिंतीमागे अर्धा बुडालेलं. १९६० च्या दशकात फ्रेंच तरुणांनी रॉक अँड रोल उचलला तेव्हा ये-ये नावाची लाट आली. तिच्यातली पुष्कळ गाणी अमेरिकन किंवा इंग्लिश चालींवर फ्रेंच शब्द बसवून केलेली होती. पुढे १९७१ मध्ये सर्ज गँसबूर या गायकानं मेलडी नेल्सनच्या कहाणीचा अल्बम केला. त्यात तो फारसा गात नाही, बासच्या ठेक्यावर कानात बोलत राहतो. या एका युक्तीचे पडसाद पुढची पन्नास वर्षं ऐकू येतात.

नव्वदच्या दशकात एअर आणि दाफ्त पंक यांनी फ्रान्सचं नाव जगभर नेलं. त्यांचं संगीत बव्हंशी इलेक्ट्रॉनिक होतं आणि जिथे शब्द होते तिथे बहुतेकदा इंग्रजी. परदेशात ऐकलं जायचं असेल तर इंग्रजी, ही समजूत त्यातून पक्की झाली.

नाँतमधली खोली आणि एक कायदा

दुसरी वाट पश्चिम फ्रान्समध्ये तयार होत होती. रेन शहरातून एतिएन दाओ १९८० च्या दशकातच फ्रेंचमध्ये निवांत, थंड आवाजाचा पॉप गात पुढे आला होता. १९९२ मध्ये नाँतच्या लिथियम या छोट्या लेबलनं दोमिनिक आ या गायकाचा ‘ला फोसेत’ हा अल्बम काढला. घरी केलेलं ध्वनिमुद्रण, साधा कीबोर्ड, रिदम मशीन आणि जवळजवळ कुजबुजणारा आवाज. बेर्नार लनुआर या रेडिओ निवेदकानं फ्रान्स अँतेरवर तो लावला आणि गाणं करायला मोठा स्टुडिओ, मोठा आवाज, मोठी कंपनी यांपैकी काहीच लागत नाही हे एका पिढीला उमगलं. त्याच लेबलवर १९९६ मध्ये तुलूझच्या दियाबोलोगम या बँडचा तिसरा अल्बम आला. त्यात गिटारींच्या कल्लोळावर शब्द बोलले जात होते. गँसबूरची युक्ती आता रागीट झाली होती.

याच सुमारास सरकारही मैदानात उतरलं. १९९४ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी १९९६ पासून खासगी रेडिओंवर लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ४० टक्के गाणी फ्रेंच असणं बंधनकारक झालं आणि त्यांतली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्यानं आलेली हवीत असं ठरलं. या नियमाचा मोठा फायदा रॅपला झाला. पण तरुण कान रोज फ्रेंचमधलं नवं काही ऐकू लागले, ही सवय रॉकवाल्यांच्याही कामी आली.

आणखी एक व्यवस्था महत्त्वाची आहे. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याची नोंद असलेल्या कलावंताला आणि तंत्रज्ञाला कामं नसलेल्या दिवसांत बेकारी भत्ता मिळतो. गावोगावी सरकारी मदतीवर चालणारी आधुनिक संगीताची सभागृहंही आहेत. पाच-सहा जणांचा बँड, ज्याची गाणी रेडिओवर फार वाजत नाहीत, तो वर्षानुवर्षं टिकतो त्यामागे हे अर्थकारण आहे.

पहिली युक्ती: शब्दांनाच ठेका करा

२०१० मध्ये बिआरित्झचे दोन तरुण, साशा गॉ आणि मार्लों मान्ये, यांनी ला फाम हा बँड सुरू केला. बिआरित्झ अटलांटिक किनाऱ्यावर आहे. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये सर्फिंग पोचलं ते याच गावात. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या सर्फ गिटारी इथल्या मुलांना परक्या वाटल्या नाहीत. त्यांनी त्या गिटारींना ऐंशीच्या दशकातल्या थंड सिंथेसायझरची आणि ये-ये गायिकांसारख्या निर्विकार स्त्री-आवाजांची जोड दिली. २०१३ चा ‘सायको ट्रॉपिकल बर्लिन’ हा त्यांचा पहिला अल्बम. पुढच्याच वर्षी व्हिक्त्वार द ला म्युझिक या राष्ट्रीय पुरस्कारांत तो पदार्पणाचा उल्लेखनीय अल्बम ठरला.

ला फामनं केलेली गोष्ट ऐकायला सोपी आहे. फ्रेंचची सारख्या वजनाची अक्षरं त्यांनी अडचण मानली नाहीत. छोटी वाक्यं, तीच तीच, सपाट सुरात, यंत्रासारखी. अक्षरंच ठेका धरतात आणि ड्रम त्यांना साथ करतो. ऐकणाऱ्याला हळूहळू गुंगी येते. २०१६ चा ‘मिस्तेर’ आणि २०२१ चा ‘पारादीग्म’ हे अल्बम याच वाटेनं पुढे जातात. नंतर त्यांनी २०२२ मध्ये पूर्ण स्पॅनिश आणि २०२४ मध्ये इंग्रजी अल्बम केला, पण तोवर त्यांचा आवाज फ्रेंचवर घडून गेला होता.

त्या काळात ते एकटे नव्हते. क्लेर्माँ-फेराँचा म्युस्तांग, मार्सेचा आलीन, काँचा ग्राँव्हील असे पॅरिसबाहेरचे बँड दोन-चार वर्षांच्या अंतरानं पुढे आले. आलीनच्या गिटारी ऐंशीच्या दशकातल्या इंग्लिश बँडसारख्या चमकत्या आणि शब्द पूर्ण फ्रेंच. २०१३ चा ‘रगार्द ल सिएल’ हा त्यांचा अल्बम ऐकला की इंग्लंडचा गिटार-पॉप फ्रेंचमध्ये किती सहज नांदू शकतो याची खात्री पटते.

दुसरी युक्ती: कविता सोडू नका

पॅरिसच्या फ! चॅटर्टन या बँडनं उलटी दिशा घेतली. अठराव्या शतकात अगदी कोवळ्या वयात गेलेल्या टॉमस चॅटर्टन या इंग्लिश कवीचं नाव त्यांनी घेतलंय. यातले तिघे लुई-ल-ग्राँ या पॅरिसमधल्या नामांकित विद्यालयात एकत्र शिकले. गायक आर्तूर तेबूल शाँसाँच्या परंपरेतलाच: स्पष्ट उच्चार, लांब वाक्यं, नाट्य. मागे मात्र पुरता रॉक बँड, कधी गर्जणारा, कधी इलेक्ट्रॉनिक. २०१५ मध्ये पहिला अल्बम आला, २०१८ मध्ये ‘ल्वाझलर’ आणि २०२१ मध्ये ‘पाले दार्जील’. या तिसऱ्या अल्बममध्ये पडद्यांच्या आहारी गेलेल्या जगाची चिंता आहे. त्यातलं ‘माँद नुव्हो’ हे गाणं देशभर गाजलं.

इथे शब्द ठोक्यावर बसत नाहीत आणि बसावेत असा आग्रहही नाही. गायक आपल्या गतीनं बोलतो, लांबवतो, थांबतो. बँड त्याच्या मागे वर चढतो. आपल्याकडे कीर्तनकार निरूपण करता करता गाण्यात शिरतो आणि साथीदार त्याचा रोख ओळखून वाजवतात, साधारण त्या नात्याचं हे संगीत आहे.

२१ फेब्रुवारी २०२४ ला या बँडवर एक मोठी जबाबदारी आली. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढलेला आर्मेनियन वंशाचा क्रांतिकारक मिसाक मानुशियाँ याला ऐंशी वर्षांपूर्वी त्याच तारखेला गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्याचे अवशेष त्या दिवशी पाँतेओंमध्ये नेण्यात आले. फ्रान्स आपल्या थोर व्यक्तींना जिथे चिरविश्रांती देतो ती ही वास्तू. तिथे फ! चॅटर्टननं लुई आरागाँची कविता गायली. गायक लेओ फेरेनं ती १९६१ मध्ये आपल्या अल्बममधून लोकांपर्यंत नेली होती. राष्ट्रीय स्मरणाच्या क्षणी एका रॉक बँडला बोलावलं गेलं, कारण कवितेचं ओझं पेलण्याची ताकद त्यांच्यात आहे हे देशाला ठाऊक होतं. २०२३ मध्ये तेबूलनं पॅरिसमध्ये एक छोटी जागा उघडली होती. लोक वेळ ठरवून एकेकटे येत आणि तो समोर बसून काही मिनिटांत त्यांच्यासाठी कविता लिहून देई. कवितेवरची ही निष्ठा त्यांच्या संगीतात ऐकू येते.

तिसरी युक्ती: गाऊच नका, बोला

२०१३ च्या सुमाराला पॅरिसमधल्या फोव्ह या समूहानं तरुण फ्रान्स हलवून सोडला. कोणाचं नाव नाही, चेहऱ्यांचे फोटो नाहीत. धापा टाकत बोलल्यासारखे शब्द: नोकरीचा कंटाळा, एकटेपणा, मित्रांची ओढ. चाल अगदी थोडी, तीही ध्रुपदापुरती. ‘ब्लिझार’ हा छोटा संग्रह आणि नंतर ‘व्हिये फ्रेर’चे दोन भाग काढून २०१५ मध्ये ते थांबले. त्यांच्या शब्दांत फारच उघडा भावनावेग आहे असं अनेकांना वाटे. मला वाटतं, तोच त्यांचा प्रामाणिकपणा होता. बोर्दोचा ओदझेन हा बँडही या वाटेवरचा, पण जास्त संयमी. रॅप, रॉक आणि इलेक्ट्रॉनिक यांच्या सीमेवर उभा. त्यांच्या २०१५ च्या अल्बमला बर्लिनमधल्या एका रस्त्याचं नाव आहे.

या वाटेवरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा बँड आस्तेरेओतिपी. स्वमग्न तरुणांसाठीच्या एका संस्थेतल्या लेखन-कार्यशाळेतून तो जन्मला. शब्द लिहिणारे आणि बोलणारे हे तरुणच, मागे अनुभवी संगीतकारांच्या धारदार गिटारी. २०२२ च्या त्यांच्या अल्बमच्या नावातच एक तक्रार आहे: द्रोम या जिल्ह्यात ब्रॅड पिटसारखा दिसणारा एकही पुरुष नाही. हे वाचून हसू येतं, पण ऐकताना लक्षात येतं की इथे प्रत्येकाला जगाबद्दल स्वतःचं, अगदी ठाम असं काही सांगायचंय. त्यांच्या वाक्यांची लय पाठ्यपुस्तकी फ्रेंचची नाही, रॉकचीही नाही. ती त्या त्या माणसाची आहे, आणि बँड तिच्यामागे जातो. दया दाखवणारं किंवा कौतुक मागणारं या संगीतात काही नाही. मोठ्या सभागृहांत, मोठ्या महोत्सवांत ते इतर बँडच्या बरोबरीनं वाजवतात.

चौथी युक्ती: नाचाचा समान ठेका

डिस्कोमध्ये चारही मात्रांवर सारखा ठोका असतो. सारख्या वजनाच्या अक्षरांना याहून सोयीचा ताल कोणता? लँपेरात्रिस या पॅरिसच्या बँडचं यश मला त्यात दिसतं. शार्ल द ब्वासगॅं या माजी संगीतसमीक्षकानं २०१२ मध्ये तो सुरू केला. आधी केवळ वाद्यसंगीत होतं, २०१५ मध्ये फ्लोर बंगिगी गायिका म्हणून आली. लवचीक बास, झुळझुळते सिंथेसायझर, हलका स्वच्छ आवाज. त्यांच्या २०२१ च्या ‘ताको त्सुबो’ या अल्बमला दुःखाच्या धक्क्यानं हृदयाचा आकार बदलणाऱ्या विकाराचं नाव आहे. २०२२ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात वाजवून आले. बंगिगी २०२४ मध्ये बाहेर पडली, बँड पुढे चालू आहे.

क्लारा लुसियानी पहिल्यांदा ला फामच्या अल्बमवर गायली आणि नंतर स्वतःच्या वाटेनं गेली. २०१८ च्या ‘सँत-व्हिक्त्वार’ अल्बममधलं ‘ला ग्रनाद’ हे तिचं गाणं म्हणजे नाचायला लावणाऱ्या बासवर ठेवलेला स्त्रीचा खणखणीत इशारा. नाँतची व्हिदेओक्लब ही जोडी शाळकरी वयाची होती तेव्हा, २०१८ मध्ये, त्यांनी ‘आमूर प्लास्तिक’ हे गाणं केलं. जोडी २०२१ मध्ये फुटली, पण गाणं फ्रेंचचा एक शब्द न येणाऱ्या तरुणांनी जगभर कोट्यवधी वेळा ऐकलं. परदेशात ऐकलं जायला इंग्रजी लागतं ही समजूत मोडायला एवढा पुरावा पुरे.

आणि सुरुवातीला उल्लेख केलेली झाओ द सागाझाँ? ती लुआर नदीच्या मुखावरच्या सँ-नाझेर या जहाजबांधणीच्या बंदरातली. तिच्या २०२३ च्या पहिल्या अल्बममध्ये जर्मन थाटाचे रोखठोक इलेक्ट्रॉनिक ठोके आहेत आणि त्यांच्यावर जुन्या शाँसाँ गायिकेसारखा खोल आवाज. २०२४ च्या व्हिक्त्वार सोहळ्यात तिला चार पुरस्कार मिळाले. इथे दुसरी आणि चौथी युक्ती एकत्र येतात.

समुद्रापलीकडची फ्रेंच

फ्रान्समध्ये फ्रेंच निवडणं ही चवीची बाब आहे. क्वेबेकमध्ये ती अस्तित्वाची बाब आहे. इंग्रजी बोलणाऱ्या खंडात नव्वद लाखांच्या आसपास वस्तीचा हा प्रांत आपली भाषा राखून आहे. कॅनडात फ्रेंच रेडिओ केंद्रांना आठवड्यातल्या लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के गाणी फ्रेंच ठेवावी लागतात, म्हणजे फ्रान्सहूनही जास्त. इथली बोली पॅरिसहून वेगळी आहे. स्वर लांबतात, वाकतात, आघात जास्त जाणवतात. त्यामुळे माझ्या कानाला तरी रॉक इथल्या फ्रेंचमध्ये सहज बसतो.

मॉन्ट्रियलच्या मालाझूबचा ‘त्राँप-लय’ हा अल्बम २००६ मध्ये आला. शहराच्या उणे चाळीस अंश थंडीवरचं त्यातलं गाणं प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी कॅनडात पोलारिस हा पुरस्कार सुरू झाला. विक्री आणि प्रसिद्धी न पाहता निव्वळ गुणवत्तेवर वर्षातला सर्वोत्तम अल्बम निवडणारा हा पुरस्कार. पहिल्याच अंतिम यादीत मालाझूब होते. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कार्कवा या बँडच्या ‘ले शमँ द व्हेर’नं तो जिंकला. पूर्ण फ्रेंच अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मॉन्ट्रियलच्या या बँडनं तो अल्बम ध्वनिमुद्रित केला पॅरिसजवळच्या ला फ्रेतच्या स्टुडिओत. काचेसारखे पारदर्शक थर, हळू उलगडणारी गाणी, लुई-झाँ कोर्मिएचा उबदार आवाज. या लेखातला एकच अल्बम ऐकायचा असेल तर मी हा सांगेन.

२०१९ मध्ये आणखी एक दार उघडलं. ज्या सब पॉप लेबलनं निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम काढला होता, त्या सिअॅटलच्या लेबलनं मॉन्ट्रियलच्या कोरिदॉरचा ‘झुन्योर’ प्रसिद्ध केला. फ्रेंचमध्ये गाणारा बँड त्या लेबलवर तोवर आला नव्हता. कोरिदॉरच्या गिटारी एकमेकींत विणल्या जातात आणि आवाज त्या विणीतला एक धागा होऊन राहतो. शाँसाँमध्ये शब्द राजा असतो, इथे त्यानं राज्य सोडलंय. त्यामुळेच फ्रेंच न येणाऱ्यानं सुरुवात करायला हा बँड फार चांगला.

क्वेबेक सिटीतल्या बोपोरचा युबेर लनुआर आधी एका बँडमधून इंग्रजीत गात असे. २०१८ चा त्याचा ‘दार्लेन’ हा अल्बम फ्रेंचमध्ये आला, आणि त्याच कथाविश्वाची एक कादंबरी नोएमी द. लक्लेर हिनं लिहिली. ग्लॅम रॉक, जॅझ आणि तरुणपणाची घुसमट यांचं हे मिश्रण कोणत्याही चौकटीत बसत नाही.

लोकप्रियतेत मात्र ले काउबॉय फ्रँगाँ या बँडची तुलना नाही. १९९५ मध्ये रपाँतिन्यी गावात सुरू झालेला हा बँड, लोकसंगीताचं व्हायोलिन आणि रॉक एकत्र आणणारा. पर्यावरण, कामगार, हरवलेली गावं हे त्यांचे विषय. गायक कार्ल त्रांब्ले १५ नोव्हेंबर २०२३ ला कर्करोगानं गेला तेव्हा प्रांतिक सरकारनं मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये त्याला राष्ट्रीय सन्मानानं निरोप दिला. एका बँडशी समाजाचं नातं एवढं घट्ट होऊ शकतं, याचं कारण त्या समाजाला स्वतःच्या बोलीत स्वतःच्या गोष्टी ऐकायची भूक होती.

पूर्वेला न्यू ब्रन्सविक प्रांतात अकादी लोक राहतात. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांच्या पूर्वजांना घरादारांतून हाकललं होतं. त्यांतल्या काहींच्या वंशजांची शियाक नावाची बोली आहे: फ्रेंचच्या सांगाड्यात इंग्रजी शब्द मुक्तपणे मिसळलेले. ज्या बोलीची शाळेत लाज वाटायला लावली गेली, तीच लिझा लब्लांनं आधी बँजो घेऊन आणि मग २०२२ च्या ‘शियाक डिस्को’मध्ये नाचाच्या ठेक्यावर मिरवली. आघाताचे इंग्रजी शब्द आणि सरकते फ्रेंच शब्द एका ओळीत येतात, आणि ठोक्याचा प्रश्न सुटतो. ही पाचवी युक्ती. याच अकादी लोकांचे काही भाऊबंद अमेरिकेतल्या लुइझियानात पोचले होते. तिथे १९२१ नंतर शाळांतून फ्रेंच हद्दपार झाली. आता न्यू ऑर्लिन्सचा स्वीट क्रूड हा बँड इंग्रजीबरोबर लुइझियानाच्या फ्रेंचमध्ये इंडी-पॉप गातो. आजी-आजोबांची भाषा नातवंडं गाण्यातून परत मिळवतात. २०१७ चा ‘क्रेआत्यूर’ त्यासाठी ऐकावा.

आता परत युरोपात, फ्रान्सच्या शेजाऱ्यांकडे. बेल्जियममध्ये फ्रेंच आणि डच अशा दोन समाजांमध्ये इंग्रजी ही मधली वाट ठरत आली आहे, त्यामुळे तिथले बरेच इंडी बँड इंग्रजीत गातात. फ्रेंचमधली ताकद तिथे स्त्रोमाए आणि आंजेल यांच्या पॉपमध्ये दिसते. स्वित्झर्लंडच्या फ्रिबूरमधल्या द यंग गॉड्सनी १९८० च्या दशकातच गिटारऐवजी सॅम्पलर घेऊन फ्रेंचमध्ये प्रचंड आवाजाचं संगीत केलं होतं. जिनिव्हाची व्हाँद्रदी स्युर मेर ही गायिका आज बोलल्यासारखा, मंद नाचाचा पॉप करते.

शोधायचं कसं?

ॲपनं पुढे केलेली यादी सोयीची असते, पण ती एकाच सुराची गाणी पुढे करत राहते. त्यापेक्षा लेबल धरून चाला. पॅरिस परिसरातलं बॉर्न बॅड २००६ पासून खरखरीत, धीट संगीत काढतंय. मिक्रोक्लिमा लँपेरात्रिसच्या घराण्याचं. मॉन्ट्रियलचं बाँसाउंड क्वेबेकचा दरवाजा. एका लेबलवरचा एक बँड आवडला की बाकीचे ऐकावेत.

दुसरी वाट महोत्सवांची. रेनचा त्रान्स म्युझिकाल हा १९७९ मध्ये सुरू झालेला आणि आता डिसेंबरमध्ये भरणारा महोत्सव मुद्दाम नवख्यांना मंच देतो. त्याच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका म्हणजे उद्याच्या नावांची यादी. सिअॅटलच्या केईएक्सपी रेडिओनं तिथून चित्रित केलेली बँडची सत्रं इंटरनेटवर सहज मिळतात. मॉन्ट्रियलची फ्रँकुव्हेर्त ही स्पर्धा क्वेबेकमधले नवे आवाज पुढे आणते. आणि रेडिओ फ्रान्सचं फिप हे केंद्र १९७१ पासून जॅझ, रॉक, शाँसाँ एकापाठोपाठ एक वाजवतंय. ते इथून ऑनलाइन ऐकता येतं. २१ जूनला जगभर होणाऱ्या फेत द ला म्युझिकच्या निमित्तानं मुंबई-पुण्यातल्या आलियाँस फ्राँसेझचे कार्यक्रमही असतात.

ऐकताना एक क्रम सुचवतो. आधी कोरिदॉर आणि ला फाम, कारण तिथे शब्द न कळताही काही अडत नाही. मग लँपेरात्रिस आणि कार्कवा. तोवर कान भाषेला सरावलेला असतो. मग फ! चॅटर्टन आणि आस्तेरेओतिपी, शब्द समोर ठेवून, भाषांतराच्या मदतीनं. पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला फ्रेंच घेऊन गुण मिळवलेले अनेक जण आहेत. ती भाषा त्यांनी परीक्षेनंतर बाजूला ठेवली असेल, तर तिच्याकडे परतायला ही गाणी उत्तम निमित्त आहेत.

मराठीत रॉक बसत नाही, असं आपल्याकडेही ऐकू येतं. फ्रेंच बँडची गेली तीस वर्षं पाहिली की या विधानाकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. कोणतीही भाषा दुसऱ्या भाषेच्या मापानं शिवलेल्या तालात आपोआप बसत नाही. दोमिनिक आ कुजबुजला, फोव्ह धापा टाकत बोलला, ला फामनं ओळी घोळवल्या, लिझा लब्लांनं बोलीच मिसळली. प्रत्येकानं आधी आपल्या भाषेची चाल नीट ऐकली आणि मग तालाला वाकवलं. त्यांचं संगीत जगानं ऐकलं ते यामुळे. जे फ्रेंचला जमलं ते मराठीला अशक्य मानण्याचं कोणतंही कारण मला दिसत नाही.